हॉप्सची बेगमी : लालबागच्या फ्रीझरमधल्या नोंदी

२ मार्च २०२४

हॉप्स आले, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची वाळवलेली फुलं, गोळ्यांच्या रूपात. पाच किलोची चंदेरी पिशवी एका मैत्रिणीच्या घरी उघडली आणि चौघांत वाटून घेतली. माझ्या वाट्याला सव्वा किलो. कास्केड जात, २०२३चं पीक, टी-९० गोळ्या. १०० किलो वाळलेली फुलं दळून-दाबून साधारण ९० किलो गोळ्या होतात, म्हणून हे नाव. दिसायला कोंबड्यांच्या खाद्यासारख्या, हिरव्या, पेन्सिलीएवढ्या जाड. पिशवी कापली तेव्हा मोसंब्याची साल नखाने टोचल्यासारखा वास आला आणि चौघंही एकदम गप्प झालो.

हा वास वर्षभर टिकवायचा, एवढंच काम आहे. म्हणून या नोंदी.

घरी बिअर करायची नाही, हे आधीच ठरलेलं आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली (आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा) परवान्याशिवाय ते करता येत नाही. मी हॉप-पाणी करते. त्यात यीस्ट नाही, साखर नाही, अल्कोहोल नाही. सगळा भार हॉप्सच्या वासावर. बिअरमध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) असतं, हॉप्स थोडे शिळे असले तरी झाकलं जातं. पाण्यात काहीच झाकलं जात नाही. त्यामुळे साठवणुकीची काळजी बिअर करणाऱ्यापेक्षा मला जास्त.

एवढे एकदम का घेतले, असं आईने विचारलं. किरकोळ पुडी घेतली की ती आधी कुणाच्या कपाटात किती महिने पडून होती ते कळत नाही. मोठ्या पिशवीवर पिकाचं वर्ष असतं, कडूपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचं प्रमाण असतं (आमच्यावर ६.१ टक्के), आणि किलोमागे पैसेही निम्म्याहून कमी पडतात. आईला हे लगेच पटलं. ती स्वतः वर्षाची मिरची मार्च-एप्रिलमध्येच घेते.

३ मार्च

भरणी. एकूण १,२५० ग्रॅम. ३०० ग्रॅमच्या चार पिशव्या केल्या. उरलेल्या ५०मधले ३० पहिल्या खेपेसाठी, १० ग्रॅम स्टीलच्या डबीत स्वयंपाकघरातल्या फळीवर, १० ग्रॅम तशाच डबीत फ्रिजच्या दारात. या दोन डब्या वापरायच्या नाहीत, फक्त हुंगायच्या.

पिशवी १ आणि २ पारदर्शक, व्हॅक्यूम मशीनबरोबर येतात त्या, आतून खडबडीत रेघा असलेल्या. पिशवी ३ आणि ४ ॲल्युमिनियम फॉइलच्या. फॉइलची पिशवी आतून गुळगुळीत असते. घरगुती मशीन पिशवीच्या तोंडातून हवा ओढतं, पण तोंडाचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटले की हवेला वाटच राहत नाही. मशीन घरघरत राहिलं, पिशवी फुगलेली ती फुगलेलीच. शेवटी खडबडीत पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी कापून फॉइलच्या तोंडात सरकवली. त्या रेघांमधून हवा निघाली, पिशवी आक्रसून विटेसारखी कडक झाली, आणि पट्टीसकट वरून सील बसलं. फॉइल जाड असल्याने सील दोनदा फिरवावं लागलं.

फॉइलच्या पिशव्यांत ३०० सीसीची एकेक ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकली. हिशेब असा : हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे अर्धा लिटर हवा राहिली तर १०५ सीसी ऑक्सिजन. १०० सीसीची पुडी तिथे अपुरी पडेल. या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, ती आत गंजते आणि ऑक्सिजन खाते. पाकीट फोडलं की उरलेल्या पुड्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाकायच्या, नाहीतर त्या खोलीचीच हवा खाऊन बसतात. सिलिका जेलच्या पुड्या दिसायला तशाच, पण त्या फक्त दमटपणा ओढतात. या दोन्हींत गल्लत नको.

चारही पिशव्या फ्रीझरच्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्या, उणे १८ अंश.

१० मार्च

पहिली खेप. दोन लिटर पाणी उकळून ७५ अंशांपर्यंत निवू दिलं. त्यात लिंबूसत्त्व घालून पीएच पट्टी ४च्या आसपास आणली, मग ३० ग्रॅम गोळ्या. वीस मिनिटं झाकून ठेवलं, दुहेरी मलमलीतून गाळलं, फ्रिजमध्ये गार केलं. पिताना एक भाग अर्क, चार भाग सोडा.

आंबटपणा आधी घालायचा, नंतर नाही. आम्ल पाण्यात अल्फा आम्लं कमी उतरतात, म्हणून घशात अडकणारा कडूपणा येत नाही. शिवाय आम्लाशिवायच्या नुसत्या पाण्यात जंतू वाढायला वाव राहतो. दुसऱ्या ग्लासात चमचाभर आगळ घातलं. कोकम आणि कास्केड एकमेकांना इतके धार्जिणे असतील असं वाटलं नव्हतं.

यापुढे दर पंधरा दिवसांनी एक खेप. म्हणजे हा साठा दीड वर्ष पुरेल, आणि म्हणूनच तो दीड वर्ष टिकलाही पाहिजे.

९ एप्रिल, पाडवा

पन्ह्यात घातलेल्या बर्फाला गवताचा वास आला. आईने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "बर्फात काय घातलंयस?" काही घातलं नव्हतं. बर्फाचा ट्रे पिशवी १ आणि २ला लागून होता.

साधं पॉलिथिन हवा पूर्ण अडवत नाही, हे वाचलेलं होतं. वास बाहेर येतोय याचा अर्थ हवाही आत जातेय, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. ट्रे खालच्या कप्प्यात हलवला आणि विषय संपला असं समजले.

२१ एप्रिल

सात आठवडे झाले. फळीवरची डबी उघडली. मोसंबी गेली आहे. वाळक्या गवताचा वास, तळाशी थोडा जुन्या चीजसारखा. दारातली डबी बरी, पण पहिल्या दिवसाची झेप नाही.

हे होतं कसं, ते एकदा नीट लिहून ठेवते. हॉप म्हणजे ह्युम्युलस ल्युप्युलस या वेलीचं मादी फूल. पाकळ्यांच्या बुडाशी हळदीच्या रंगाची चिकट पूड असते, ती ल्युप्युलिन. कडूपणा देणारी अल्फा आम्लं त्यातच आणि वासाचं तेलही त्यातच. ऑक्सिजन लागला की दोन्ही मोडतात. तेलातलं मर्सीन सगळ्यात आधी उडतं, आणि आमच्या मोसंबीच्या मागे काही अंशी तेही असतं. अल्फा आम्लाच्या साखळीचा तुकडा पडून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, तोच हा चीजचा, घामट मोज्यांचा वास. प्रयोगशाळेत २७५ आणि ३२५ नॅनोमीटरवर प्रकाश किती शोषला जातो ते मोजून त्याच्या गुणोत्तरावरून शिळेपणाचा आकडा काढतात. माझ्याकडे नाक आहे.

तापमानाचा ढोबळ नियम असा की १५ अंश उतरले की ही मोडतोड निम्म्याने मंदावते. स्वयंपाकघरात आता ३२ अंश. फ्रीझर उणे १८. मधे ५० अंश, म्हणजे सव्वातीन वेळा निम्मं, म्हणजे फळीवर सगळं सुमारे दहापट वेगाने घडतंय. फळीवरचे सात आठवडे म्हणजे फ्रीझरमधलं जवळजवळ दीड वर्ष. या उन्हाळ्यात कुणी हॉप्स कपाटात ठेवत असेल तर त्याला हे सांगायलाच हवं.

५ मे

खेप ठीक. खाली गल्लीत कांडप यंत्रं दिवसभर चालू आहेत, खिडकी उघडली की ठसका. हॉप्स हुंगायचं काम आता पहाटेच करायचं.

२६ मे

पिशवी २ सैल झाली आहे. एकदाही न उघडलेली. आतल्या गोळ्या हाताला खुळखुळतात. पिशवी १ आतापर्यंत पाच वेळा उघडून पुन्हा सील केली, तिचा वास २१ एप्रिलच्या फ्रिजमधल्या डबीसारखा झालाय. फ्रीझरमध्ये राहूनही.

पिशवी २चं सील उजेडासमोर धरून पाहत होते. आई शेजारी बसून लसूण सोलत होती. तिने पिशवी हातात घेतली, सीलच्या रेषेवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबली. "इथे पीठ लागलंय बघ. तोंडाला पीठ लागलं की प्लास्टिक चिकटत नाही." भिंग लावून पाहिलं. हिरव्या भुकटीची केसाएवढी रेघ, सीलच्या आरपार गेलेली.

आई वीस वर्षं दिवाळीच्या ऑर्डरी करते. चकलीची भाजणी अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्यांत भरून विकते, त्यामुळे पिठाने फसलेलं सील तिने शेकडो वेळा पाहिलेलं आहे. तिची पद्धत अशी : पिशवीचं तोंड चार बोटं बाहेर दुमडायचं, वर्तमानपत्राचा कोन करून तो पार आत घालायचा, त्यातून भरायचं, कोन हळूच वर काढायचा, मग दुमड सोडायची. सील होणारा भाग भरताना कधी उघडाच राहत नाही. वर कोरड्या फडक्याने एकदा आतून पुसून घ्यायचं.

मी कोन केला, पण कोऱ्या कागदाचा. वर्तमानपत्राच्या शाईलाही वास असतो.

२६ मे, रात्री

आणखी एक गोष्ट आईनेच काढली. "पाच वेळा उघडलीस कशाला? मसाल्याची बरणी मी महिन्यातून एकदाच उघडते. रोजचं डब्यात."

तिच्या मसाल्याच्या बरण्या आठवल्या. चिनी मातीच्या. मसाला मुठीने दाबून दाबून भरायचा, मधे कुठे पोकळी ठेवायची नाही, वर हिंगाचे खडे, तोंडाला दादरा बांधायचा. मी लहानपणापासून ते बघत आले आणि हिंगामुळे मसाला टिकतो एवढंच लक्षात ठेवलं. हिंग किड्यांसाठी. वास टिकतो तो दाबून भरल्यामुळे आणि बरणी क्वचित उघडल्यामुळे.

ठरलं : एका खेपेला एक पुडी. ३० ग्रॅम. उघडली की संपली. पिशवी २मधून दहा पुड्या झाल्या, सगळ्या छोट्या फॉइल पाकिटांत, प्रत्येकीत ५० सीसीची शोषक पुडी. पिशवी १मध्ये उरलेल्या १५० ग्रॅमच्या पाच, त्यांवर लाल खूण. आधी त्या संपवायच्या.

९ जून

दुपारी वीज गेली, रात्री नऊला आली. इमारतीच्या केबलमध्ये बिघाड. फ्रीझरचं दार उघडू नका, असा घरात सगळ्यांना दम दिला होता. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर ४८ तास, अर्धा भरलेला असला तर २४ तास थंडी धरतो. तपासलं तर बर्फ तसाच होता. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या आहेत, आता कायमच्या.

१४ जुलै

आज चूक झाली आणि ती माझीच.

पिशवी ३च्या ३० ग्रॅमच्या पुड्या करायला घेतल्या. चार दिवस पाऊस थांबलेला नाही, भिंतींना ओल आलीय, मीठ डबीतून पडत नाही. पिशवी फ्रीझरमधून काढली आणि तशीच ओट्यावर कापली. कापताना छान कडक होती, शोषक पुडी आणि फॉइल दोघांनीही चार महिने आपलं काम चोख केलं होतं. वास अगदी २ मार्चचा. इतका आनंद झाला की वजनकाटा घ्यायला आत गेले, आणि फोन आला म्हणून पाच-सात मिनिटं तिकडेच राहिले.

परत आले तर वरचा थर मऊ पडलेला. गोळीवर नख दाबलं तर ती कणकेसारखी दबली. फॉइलच्या आतल्या बाजूला थेंब. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ अंशांहून गार काहीही उघड्यावर ठेवलं की त्यावर पाणी धरणारच. माझ्या गोळ्या उणे १८वर होत्या. दाबलेली हॉपची गोळी पाणी ओढायला टपलेलीच असते, अर्कात ती फुलून उकलते तशीच इथेही उकलायला लागली.

वरचे ओले ६० ग्रॅम बाजूला काढले. ओलसर गोळ्या परत बंद करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्यांचा लगेच चार लिटर अर्क केला, त्याचं वीस लिटर पेय झालं, संध्याकाळी मजल्यामजल्यावर वाटलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी पातेलं परत देताना "कडू आहे पण सोडवत नाही" असं सांगितलं.

खालचे २४० कोरडे होते, त्यांच्या आठ पुड्या झाल्या.

अठराव्या शतकात इंग्लंडमधले लोक उष्ण देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये जास्तीचे हॉप्स घालायचे. आफ्रिकेला वळसा घालून जहाजाला इथे यायला चार-सहा महिने लागत, आणि हॉप्समुळे बिअर नासायची नाही. सात मिनिटांत मऊ पडलेल्या गोळीकडे बघताना आज तेच आठवत राहिलं.

२० जुलै

पिशवी ४. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून बंदच फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बंदच बाहेर, बेडरूममध्ये. दार-खिडकी लावून एसी दोन तास चालू, म्हणजे हवा कोरडी. चार तासांनी पिशवी बाहेरून पुसली, हात लावून पाहिली, खोलीएवढीच झाली होती. मग कापली. एक थेंब नाही. कागदी कोनातून दहा पुड्या, वीस मिनिटांत.

या पुड्या पुन्हा विभागायच्या नाहीत. खेपेच्या दिवशी फ्रीझरमधून काढायची, कापायची, थेट ७५ अंशांच्या पाण्यात. तिथे ओल आली काय, न आली काय.

१ सप्टेंबर

गणपती ७ला. फ्रीझरवर आता आईचा हक्क. खवलेला नारळ, वाटाणे, आणि हॉप्सना जागा नाही. आईची अट सरळ होती : नारळाला तुझा वास लागता कामा नये. रास्त आहे. खोबऱ्यात तेल असतं आणि तेल शेजारचा वास लगेच धरतं. मोदकाच्या सारणात कास्केड नको.

सगळ्या फॉइल पुड्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या, रबरी कड असलेल्या डब्यात उभ्या रचल्या, पत्त्यांसारख्या. डब्याशेजारी चार दिवस वाटीत थोडा नारळ ठेवून पाहिला. आई, बाबा आणि मी, तिघांनी वेगवेगळा हुंगला. काही नाही. पाडव्याच्या बर्फाशी ताडून पाहिलं तर फॉइल किती अडवतं ते यातच दिसतं.

उलट बाजूही तपासली. फ्रीझरमध्ये सुरमईही असते. एक पुडी कापून हुंगली, मासळीचा मागमूस नाही. तीच पुडी लगेच खेपेला वापरली.

८ सप्टेंबर

परळ ते लालबाग रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. वर घरी येणारा प्रत्येक जण घामाने निथळलेला. दोन खेपा संपल्या, दुसरी दुपारी तीनला. आगळ घातलेलं आधी संपलं.

२२ सप्टेंबर

पुडीच्या लेबलवर आता तीन गोष्टी : पिकाचं वर्ष, भरल्याची तारीख, मूळ पिशवीचा क्रमांक. बॉलपेन फॉइलवर पुसट होतं, मार्कर थंडीत टिकतो. मार्करची शाई मात्र भरण्याआधी वाळू द्यायची, तिचाही वास भुकटीला लागू शकतो.

३ नोव्हेंबर

आठ महिने. आईच्या ऑर्डरी संपल्या, स्वयंपाकघर मोकळं झालं, म्हणून आज सगळं एकत्र हुंगायला बसलो.

फळीवरची डबी : रंग हिरव्याचा तपकिरी. वास चीजचा, उघडल्यावर लगेच झाकावीशी वाटली. फ्रिजच्या दारातली : हिरवट, चहापत्तीसारखी, मोसंबी शोधावी लागते. पिशवी २ची पुडी, म्हणजे तीन महिने गळक्या सीलमागे काढलेली : मोसंबी आहे, पण मऊ. पिशवी ४ची पुडी : बाबांनी हुंगली आणि "हा तर पहिल्या दिवसाचाच," म्हणाले. अगदी तसा नाही. साल टोचल्यावर जो पहिला चटका नाकाला लागतो, तो थोडा बोथट झालाय. पण तीन हात अंतरावरून ओळखता येतो.

पिशवी २ आणि ४मधला फरक थंडीचा नाही. दोन्ही एकाच फ्रीझरमध्ये, एकाच भिंतीला होत्या. फरक फॉइलचा, शोषक पुडीचा आणि त्या केसाएवढ्या हिरव्या रेघेचा.

पिशवी ४ची पुडी पुन्हा बंद करायची नाही म्हणून आज दोन खेपा केल्या, एक तिची आणि एक पिशवी २ची, शेजारी शेजारी ग्लासात ओतून पाहायला. पाण्यात फरक हुंगण्यापेक्षाही जास्त जाणवला. पिशवी २चा घोट गिळल्यावर मागे काही राहत नाही.

मोजदाद : पिशवी २च्या तीन, ३च्या आठ, ४च्या नऊ. एकूण वीस, ६०० ग्रॅम. पंधरा दिवसांना एक म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत. उत्तर गोलार्धातलं पीक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतं, त्याच्या गोळ्या इथे पोचायला त्यानंतर काही महिने. मधली फट भरायला चौघांनी मिळून फेब्रुवारीत अडीच किलोची पिशवी घ्यायची असं बोलणं झालंय. या वेळी वाटणी आमच्याकडे, एसीच्या खोलीत, आणि भरायला आई.